प्रमोद मेहरेनं टाकलेला गिअर

अकोल्याच्या एका ठेकेदारानं फौजेला बदललेल्या गिअरबॉक्सची पिकअप दिली, आणि तिनं लान्स नायक प्रमोद मेहरेचा जीव घेतला. कागदावर कारण लिहिलं आहे ‘चालकाची चूक’. ठेकेदाराचं नाव त्या कागदात नाही. मी हे अनेक वर्षं तोंडानं सांगत आलो. लोक ऐकतात, मान हलवतात आणि चहा संपला की उठून जातात. म्हणून आता लिहितो आहे.

मी ईएमईचा हवालदार होतो. ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. माझा ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. भरतीआधी अकोल्यातल्या एका गॅरेजमध्ये पाने उचलून देत होतो, तिथूनच फौजेत गेलो. आज जठारपेठेत माझं स्वतःचं घर आहे आणि बायपासवर जुन्या पिकअपच्या खरेदी-विक्रीचं यार्ड आहे. सौद्यात मी कोणाला सोडत नाही. माझ्याबद्दल बाजारात चांगलं बोलणारे कमीच आहेत. पण माझ्याकडून गाडी घेणाऱ्याला तिच्यात कोणता गिअरबॉक्स आहे ते मी आधी सांगतो. मग भावावरून भांडतो.

त्या पावसाळ्यात माझी पोस्टिंग कामठीला होती. मेहरे आमच्याच कॉलममध्ये, म्हणजे तुकडीत, ड्रायव्हर होता. घर चांदूर रेल्वेचं. वडील बापूराव वांगी, मेथी पिकवून स्वतः बाजारात विकत. मेहरे मला उस्ताद म्हणायचा. फौजेत हाताखाली शिकवणाऱ्याला तसंच म्हणतात. बाकीच्यांसमोर हिंदी आणि दोघंच असलो की वऱ्हाडी.

सिव्हिलमधल्या वाचकांना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. फौजेत इंजिन सुरू होण्याआधी फर्स्ट परेड होते. ड्रायव्हर तेल, पाणी, टायर, ब्रेक बघतो. मग गाडीत बसून डॅशबोर्डवरची पट्टी वाचतो. ती पितळी असते, रिवेट मारून बसवलेली. कोणता गिअर कुठे पडतो याचा नकाशा तिच्यावर कोरलेला असतो. गाडी नवी असो की वीस वर्षांची, पट्टी खोटं बोलत नाही, कारण गिअरबॉक्स बदलला की वर्कशॉप पट्टीही बदलतं. आमच्या ड्रायव्हरला हे इतकं अंगवळणी पडतं की अनोळखी गाडीत बसल्यावर त्याची नजर आपोआप नकाशा शोधते, आणि सापडला की हात त्याच्या हुकमानं चालतो. रिक्रूट पोरांना मी स्वतः हेच शिकवलं आहे.

ऑगस्टमध्ये आदेश आला. वलगावच्या बाजूला पेढी नदीचं पाणी गावांत शिरलं होतं. आम्ही बोटी घेऊन रात्रीच निघालो. ट्रकमध्ये माझ्या बाजूला बसून मेहरे सारखा हसत होता.

“काहून हसून राहिला बे?” मी विचारलं.

“उस्ताद, एवढ्या वर्षांत पयल्यांदा सरकार मले घराकडे घेऊन चाललं. तेबी फुकटात.”

“घरी नाई चाललो आपण.”

“तरी बी. वांग्याच्या भाजीचा वास तं येईन.”

सकाळी वलगावच्या शाळेत तळ पडला. लगेच लक्षात आलं की आमचे मोठे ट्रक काळ्या मातीच्या बंधाऱ्यावर चालणार नाहीत, माती खचेल. मेजर साहेबांनी प्रशासनाकडे लहान गाड्या मागितल्या. प्रशासनानं अकोल्याच्या ठेकेदाराला सांगितलं. दहाच्या सुमारास त्याच्या पिकअप शाळेच्या मैदानात उभ्या राहिल्या. तो स्वतः पांढऱ्या शर्टात छत्री धरून आला होता. मेजर साहेब म्हणाले, “तायडे, चेक करो. सब एक जैसी होनी चाहिए. लड़के बदल-बदल के चलाएँगे.”

सगळ्या पिकअप एकाच मॉडेलच्या होत्या. त्या मॉडेलला पाच गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, येतो. पहिला गिअर डावीकडे वर पडतो आणि रिव्हर्स उजवीकडे खाली. मी एकेका गाडीखाली घुसलो. शेवटच्या गाडीखाली मात्र डबा दुसराच दिसला. कंपनीचा डबा ॲल्युमिनियमचा असतो, हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. बाजूच्या झाकणाचे बोल्ट वेगळे होते. अंगावरचा ओतीव नंबर ग्राइंडरनं घासून काढला होता. डबा मूळ जागी बसत नव्हता म्हणून आडव्या पट्टीत लोखंडाचे तुकडे घालून टेकवला होता. हा जुन्या छोट्या ट्रकचा डबा आहे हे मला बघताक्षणी कळलं. त्यात डावीकडे वर रिव्हर्स असतो आणि पहिला गिअर त्याच्या खाली. रिव्हर्समध्ये चुकून जाऊ नये म्हणून गिअरची दांडी उचलावी लागते, तशी स्प्रिंगची अडवणूक असते. इथे ती स्प्रिंग झिजून गेली होती.

खात्री करायला मी चावी फिरवली, इंजिन सुरू न करता दांडी डावीकडे वर टाकली आणि जवळच्या एका जवानाला मागचा पांढरा दिवा बघायला सांगितलं. दिवा लागला नाही. मागे जाऊन पाहिलं तर रिव्हर्सच्या दिव्याची वायर कापलेली होती. दांडीवरचा नॉब गुळगुळीत काळा, नकाशा पुसलेला.

तोपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. मी ठेकेदाराला बोलावलं.

“हा डबा कुठचा?”

“गाडीचाच हाये साहेब.”

“मले शिकवू नको. म्या याच धंद्यात लहानाचा मोठा झालो.”

“बापा, गिअर तं गिअर हाय. गाडी चालते ना?”

“मांगं चालते का पुढं, ते कोणाले समजन? नकाशा तरी हाये का तुह्या नॉबवर?”

“आमचा ड्रायव्हर हाये ना संगं. त्याले मालूम हाये.”

“आमचे पोट्टे चालवतीन. गाडी परत ने. पुन्हा या मैदानात दिसली तं टायर काढून घेईन.”

तो माझ्या खांद्याला हात लावून हळू आवाजात म्हणाला, “आपण एका गावचे, साहेब.” मी हात झटकला. मेजर साहेबांना रिपोर्ट दिला, एक गाडी रिजेक्ट. ते ठीक है म्हणाले. ती पिकअप माझ्या डोळ्यांसमोर मैदानातून बाहेर गेली. तिचा समोरचा डावा दिवा फुटलेला होता.

मग दिवसभर काम चाललं. पलीकडच्या गावातली माणसं बोटीनं बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणायची. पिकअप उतारावरून उलटी खाली घ्यायची, मागचं तोंड पाण्याकडे. माणसं चढवायची आणि पहिल्या गिअरमध्ये एका दमात वर यायचं. उतार ओला होता. ॲक्सिलरेटर दाबून धरला नाही तर चाकं जागीच फिरत. मेहरेनं दुपारपर्यंत किती खेपा केल्या ते त्यानं मोजलं नाही आणि मीही नाही. एका म्हातारीनं त्याचं आडनाव विचारलं, मग घर विचारलं, आणि चांदूरचे मेहरे म्हटल्यावर म्हणाली, “म्हंजे बापूरावचा पोट्टा तू? तुह्या बापानं मले एकदा सडके वांगे देले होते.”

“माय, गाडीत बसा, मंग भांडा.”

“बसतो ना बाप्पा. सोडतो थोडी.”

चार वाजल्यानंतर दोन पिकअप बंद पडल्या, एका गाडीच्या इंजिनात पाणी गेलं. मी बंधाऱ्यावर वर होतो, वायरलेस सेट शेजारी ठेवून इंजिन उघडत होतो. मेहरेची गाडी माझ्याकडेच होती, म्हणून तो खाली लोकांना चढवायला थांबला होता. गाड्या कमी पडताहेत असं कंट्रोल रूमनं कळवलं आणि ठेकेदारानं आणखी एक गाडी पाठवली. ती शाळेच्या मैदानात आलीच नाही. दुसऱ्या रस्त्यानं थेट बंधाऱ्याच्या उताराला आली. तिथे गाड्या सोडायला उभ्या असलेल्या माणसानं तिला आत सोडलं.

सहा वाजून गेले होते, अजून उजेड होता. खाली बोटींवर असलेल्या सुभेदार साहेबांचा सेटवर आवाज आला.

“एक नई पिकअप लोड हो गई है. सिव्हिल ड्राइवर उतर के भाग गया, बोलता है मिट्टी बैठ रही है. मेहरे लेके आ रहा है. ओवर.”

मी पाना टाकून माईक घेतला. “कौनसी पिकअप, साहब? ओवर.”

“सफ़ेद. सामने का लेफ्ट लाइट टूटा है. ओवर.”

“उसको रोको. गिअर नहीं डालने देना. गिअर उल्टा है. ओवर.”

“रिपीट करो. आवाज़ कट रही है. ओवर.”

“मेहरे को रोको. ओवर.”

“मेहरे को क्या? ओवर.”

मी माईक फेकून पळालो. बंधाऱ्याच्या कडेला पोचलो तेव्हा इंजिनचा आवाज चढला. गाडी वर यायला हवी होती. ती मागे गेली. चिखलात चढायला त्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला होता, त्यामुळे गाडी जोरात मागे गेली. त्या जागी पाण्यानं खालची माती खाऊन खोल खड्डा केला होता. मागच्या भागातली माणसं पाण्यात पडली, बोटीतल्या जवानांनी त्यांना ओढून काढलं. सगळी वाचली. समोरची केबिन त्या खड्ड्यात दारासकट रुतली. आमची दोन पोरं दोर बांधून खाली गेली आणि रिकाम्या हातानं वर आली. पुन्हा गेली. अंधार पडला तेव्हा मेजर साहेबांनी त्यांना थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढून बाहेर काढली. मेहरेला बाहेर घेतल्यावर मी केबिनमध्ये वाकून पाहिलं. दांडीवर नवा नॉब होता. चकचकीत, वर पांढऱ्या आकड्यांत पाच गिअरचा नकाशा. असा नॉब अकोल्यात कोणत्याही दुकानात मिळतो. डावीकडे वर १ लिहिलं होतं. दांडी डावीकडे वरच होती.

म्हणजे मेहरेनं ते केलं जे मी त्याला शिकवलं होतं. अनोळखी गाडीत बसला, नकाशा वाचला आणि नकाशाप्रमाणे पहिला गिअर टाकला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. मी सगळं सांगितलं. डबा बिडाचा आहे, नंबर घासला आहे, नॉब सकाळी वेगळा होता. मला विचारलं, मग तुम्ही सकाळी रिजेक्ट केलेली गाडी ती हीच, कशावरून? मी म्हणालो, फुटक्या दिव्यावरून आणि डब्यावरून. डबा उघडून बघा. ते म्हणाले, बघू. पण गाडी फौजेची नव्हती, भाड्याची होती. पंचनामा झाल्यावर ती ठेकेदाराच्या ताब्यात गेली. डबा उघडायची परवानगी येईपर्यंत गाडी राहिली नव्हती. कागद पूर्ण झाला. अनोळखी वाहनात चुकीचा गिअर टाकल्यामुळे, चालकाची चूक.

रिटायर झाल्यावर मी ठेकेदाराच्या यार्डात गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“गाडी कुठं हाये?” मी विचारलं.

“भंगारात गेली ना साहेब. कवाच.”

“नॉब कोणी बदलला?”

“तुमीच म्हटलं होतं, नकाशा नाही. म्या लावला. आता त्याच्यातही माही चूक का?”

मी त्याची कॉलर धरली. मला तीन माणसांनी बाहेर काढलं आणि संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बसवलं. तिथल्या अधिकाऱ्यानं समजावलं की सैनिक माणसानं असं करू नये. माझ्याच विरुद्ध अर्ज झाला. मी त्याला नॉब बदलायला सांगितलं नव्हतं. गाडी परत न्यायला सांगितलं होतं. हा फरक मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्या सगळ्यांना तो कळला आणि कोणीच काही केलं नाही.

मी अर्ज केले. कामठीला, मुंबईला, दिल्लीला. उत्तरं आली. चौकशी नियमानुसार पूर्ण झाली आहे, पुन्हा उघडता येणार नाही. आता अर्ज करत नाही. भंगारातले डबे पुन्हा दुसऱ्या गाडीत बसतात, म्हणून यार्डात त्या मॉडेलची पिकअप आली की मी आधी तिच्याखाली जातो. माझी माणसं मागून हसतात, शेठला अजून कोणावर विश्वास नाही म्हणतात. बिडाचे डबे पुष्कळ सापडले. तो सापडला नाही. सापडला तरी आता तो कोणापुढे ठेवायचा, हेही मला माहीत नाही.

बापूराव अजून भाजी घेऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात मी चांदूर रेल्वेला गेलो तेव्हा त्यांची एका गिऱ्हाईकाशी भावावरून बोलाचाली चालू होती. गिऱ्हाईक चिडून म्हणालं, “लेकाले गिअर समजला नाई आन् बुढ्याले भाव.” बापूरावांनी मेथीची जुडी त्याच्या पिशवीत टाकली. तो गेल्यावर मला म्हणाले, “तायडे, तुमी त्याचे उस्ताद होते. खरं सांगा. त्याले समजला नव्हता का?”

मी त्यांना सांगितलं. त्याआधीही कितीतरी वेळा सांगितलं होतं. ते ऐकतात, पण कागद त्यांच्या घरात आहे आणि कागदावर सही आहे. माझ्या बोलण्यावर कोणाची सही नाही.

मेहरे सव्वीस वर्षांचा होता. गाडी चालवताना तो शिव्या देत नसे, हे ड्रायव्हरमध्ये दुर्मीळ. लोकांना गाडीत चढवताना म्हाताऱ्यांना आधी पुढे बसवायचा आणि जागा कमी पडली की म्हणायचा, मी उभा राहून चालवू का. त्या शेवटच्या गाडीत त्याच्या बाजूला जागा रिकामी होती. खाली बोटीतून उतरलेल्या एका गरोदर बाईला तो तिथे बसवणार होता, पण तिनं नवऱ्याजवळ मागे बसायचा हट्ट धरला, म्हणून ती वाचली. तिनंच मला हे सांगितलं.

ठेकेदार अजून अकोल्यात आहे. आता त्याच्याकडे मोठ्या गाड्या आहेत. त्यानं उत्तर द्यावं. बंधाऱ्यावर त्या गाडीला आत सोडणाऱ्यानं उत्तर द्यावं. डबा न उघडता कागदावर सही करणाऱ्यानंही द्यावं. लान्स नायक प्रमोद मेहरेनं पहिला गिअर टाकला होता. त्याच्या जागी रिव्हर्स कोणी ठेवला, ते त्यांनी बापूरावांसमोर बसून सांगावं.