खांद्याला कळणारी गाडी

आमच्या गावात माझ्या गाडीवर मागे बसायला कोणी मागत नाही. चोपड्यापर्यंत पायी जातील, पण हात दाखवणार नाहीत. मागे बसवलेला माणूस मी पोहोचवतोच असं नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत झालेलं आहे.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बायकोला घेऊन तिच्या माहेरी पिंपळनेरला चाललो होतो. तेव्हाची गाडी म्हणजे कुत्रं भुंकलं तरी घाबरून बंद पडणारी. अमळनेर सोडलं, पुढं रस्त्यात मेंढरं आडवी आली. शे-दोनशे तरी असतील, संपेचनात. मी थांबलो. बायकोची चप्पल मागे कुठं पडली होती, ती आणायला ती उतरली. मेंढरं सरली, मी निघालो. मला बोलायची खोड भारी. काश्मीरचा बर्फ, तिथले ट्रक, ट्रकवाले टायरला साखळ्या बांधतात ते, सगळं तिला सांगत चाललो. ती गप्प ऐकतेय म्हणून मला बरं वाटलं. एरवी इतकं ऐकत नाही. धुळ्याच्या अलीकडं टपरी दिसली, म्हटलं चहा घेशील का, आणि मान वळवली.

मागे पिशवी होती फक्त.

मी गाडी वळवून पळालो. ती तोवर एस्टीत बसलेली. माझ्या समोरून ती एस्टी गेली. खिडकीतून तिनं मला बघितलं, मी उलट्या दिशेनं तिला शोधायला चाललेला. पिंपळनेरला ती माझ्याआधी दोन तास पोहोचली. सासऱ्यांनी विचारलं, जावई कुठं? ती म्हणाली, "येतीन. माले शोधी राहिनात."

यात हसण्यासारखं माझ्या धंद्यामुळं जास्त झालं. मी केळी कापणारा, घड वाहणारा माणूस. शाळा दोन वर्ग, बाकी सगळं शिक्षण खांद्यावर. बागेतून ट्रकपर्यंत घड नेऊन नेऊन माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय. शर्ट शिवताना शिंपी दरवेळी मला सरळ उभं राहा म्हणतो. मी सरळच असतो. तर पारावरची मंडळी म्हणाली, "काय भाऊ, घड उतरला तर खांद्याला कळतं, आणि बायको उतरली ते नाही कळलं?"

त्या दिवसापासून बायको माझ्या मागे बसली नाही. अकरा वर्षं. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो. मी गाडीवर, ती एस्टीत. भांडण नाही, अबोला नाही. फक्त बसत नाही.

आता माझं वेड सांगतो. तीस वर्षं मी ट्रक भरले. पानं अंथरायची, घड उभे लावायचे, ताडपत्री, दोर, की ट्रक चालला. कुठं? वर. ड्रायव्हर लोक चहा पिताना रस्ता सांगायचे. शिरपूर, सेंधवा, घाट, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जम्मू. कुठल्या ढाब्यावर डाळ चांगली, कुठं झोपायला खाट मिळते, कुठल्या पुलावर पहाटे धुकं बसतं, हे मला पाठ. मी चोपडा तालुक्याबाहेर फारसा गेलेलो नाही, पण जम्मूपर्यंत डोळे मिटून जाऊ शकतो. घड वाहताना जातोच. इकडं पाय बागेत चिखलात आणि तिकडं मी बर्फात. एकजण सांगायचा, वरती केळी उतरवली की त्याच ट्रकमध्ये सफरचंदं भरतात, आणि खाली येईपर्यंत ट्रकला दोन्हीचा वास येतो. मी ट्रक परत आला की फाळक्याला नाक लावून उभा राहायचो. डिझेलचाच वास यायचा. तरी राहायचो.

म्हणून मुलगा नोकरीला लागल्यावर म्हणाला, "आबा, आता एक हौस करा," तेव्हा मी म्हटलं, मोठी मोटरसायकल. माझी केळी कुठं जातात ते बघून येतो. आणि मनात म्हटलं, दोघं जाऊ. तिला मात्र बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं.

मुलानं मोबाइलवर बघून दोन जुन्या गाड्या ठरवल्या. भाव जवळजवळ सारखाच. दोन्ही जाऊन बघितल्या. एक जळगावला, एका कॉलेजच्या सरांची. काळी, बसकी, जड. एकदा दडदड सुरू झाली की छातीत कोणी पोवाडा म्हणतंय असं वाटायचं. मागच्या सीटला टेकायला गादीची पाठ, धरायला दोन्हीकडं दांडे. सोफाच. सरांची कंबर धरली म्हणून विकत होते. दुसरी धुळ्याला, देवपुरात, एका नर्सबाईंची. हिरवट, हडकुळी, उंटासारखी उंच. बाई त्या गाडीवर एकट्या मनालीच्या पुढं जाऊन आल्या होत्या. ते ऐकून मी आधी बाईंच्या पायाकडं बघितलं. लांब होते. मग माझ्या पायांकडं बघितलं.

पारावर काळीला जास्त मतं पडली. "बायकोला सोफा पाहिजे," न्हावी म्हणाला. मला पटलं. ती आरामात बसेल, मग नाही म्हणणार नाही. पण मागे माणूस असताना गाडी कशी चालते ते बघायला नको का? बायको तर बसणार नाही. मग मी माझ्या अकलेनं केलं. जळगावला जाणाऱ्या टेम्पोत तीन घड टाकले. बायकोला कधी उचललेलं नाही, पण तीस वर्षं नजरेनं वजनंच केलीत. अडीच घड भरेल असा अंदाज, वर अर्धा माझ्या भीतीचा.

सर म्हणाले, "हे काय?"

म्हटलं, "घरची मंडळी."

सरांनी काही विचारलं नाही. कॉलेजात त्यांनी बरंच बघितलं असणार. दोन घड उभे, एक आडवा, दोरानं घट्ट आवळले आणि मी निघालो. पहिल्याच सिग्नलला एक आजी म्हणाल्या, "केळी कशी दिली रे?" म्हटलं विकायची नाहीत. आजींनी तोवर एक फणी हातात घेतली होती, कच्ची का म्हणून मलाच रागावल्या आणि घेऊन गेल्या. पुढं रिक्षावाल्यानं एक मागितली. परत आलो तेव्हा मागची मंडळी बरीच उतरलेली होती आणि माझ्या पाठीला, देवाशपथ, एकदाही कळलं नाही.

ही गोष्ट टेम्पोवाल्यानं माझ्याआधी घरी पोहोचवली. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. वर बघितलं नाही.

"मी काय केयाना घड शे का?"

मी हातातला दोर खुंटीला अडकवला.

"कसाले नेनात केया?"

केळी कशाला नेली ते मग सांगितलं सगळं. जम्मू, धुकं, खाट, दोघं. ती भाकरी उलटवत राहिली. एक भाकरी करपली. आमच्या घरात तिच्या हातून भाकरी करपत नाही.

"दोन्ही गाडीवर मी सोता बठीसन दखसू," ती म्हणाली. अकरा वर्षांनी, स्वतः बसून बघणार.

रविवारी जळगावला गेलो. ती एस्टीनं, मी टेम्पोनं. सरांनी काळी काढली, ती मागे बसली, पाठ टेकली, दोन्हीकडचे दांडे धरले. राणी दिसत होती. मेहरूणच्या तळ्याकडं गाडी घेतली. सकाळची वेळ, पाण्यावर ऊन पडलेलं, गाडीची ती गुंगी आणणारी दडदड. ही गाडी इतकी जड की रस्त्यातला खड्डासुद्धा लांबून कुठून सांगावा आल्यासारखा यायचा. मी सेंधव्याच्या घाटात कधी पोहोचलो ते मलाच कळलं नाही. गतिरोधकाला वेग कमी केला. पुढं ग्वाल्हेर लागलं. तळ्याचं पाणी चिनाब झालं. मी सांगत होतो, दख, आपण केळी देतो, ते सफरचंद देतात, मधी फक्त रस्ता. तळ्याला पूर्ण वळसा झाला. समोर गतिरोधकापाशी एक बाई उभी. भुईमुगाच्या शेंगा खात होती.

मी मागे म्हटलं, "दख, ती बाईनं लुगडं बी तुन्हासारखंच शे."

बाईनं शेंग फोडली. "हां," ती म्हणाली, "तोंड बी मन्हासारखंच शे. दखी ल्या."

ती गतिरोधकालाच उतरली होती. सीट बसकी, पाय टेकला की झालं. मुद्दाम उतरली होती. मला बघायचं होतं गाडी कशी चालते, तिला बघायचं होतं मी कसा चालतो.

ती हसली नाही, हे मला लागलं. एस्टी स्टँडवर एवढंच म्हणाली, "धुयानी गाडीवर एक डाव बठसू. तठे बी इसरनात, तं मी एस्टीमाच बरी. तुम्ही जा काश्मीरले."

त्या आठवड्यात माझ्या हातून दोन घड पडले. मुकादम म्हणाला, आबा, तब्येत बरी आहे ना? मला काश्मीर दिसायचं, पण खाटेवर मी एकटाच. ढाब्यावर डाळ एकच. असं कधी दिसलं नव्हतं.

धुळ्याला नर्सबाईंनी उंटीण ओट्याला लावून ठेवली होती. मी ओट्यावरून चढलो. बसलो तर दोन्ही पाय हवेत. एका बाजूला कललो तर अंगठा लागायचा, तोही बुटाचा. बाईंनी हँडल धरलं. बायको ओट्यावरून मागे बसली आणि धरायला काही शोधायला लागली. काहीच नव्हतं. पाठ नाही, दांडे नाहीत. सामान बांधायचा लोखंडी सांगाडा होता, तो बाईंनी काढून बाजूला ठेवलेला.

"आबांना धरा ना," बाई म्हणाल्या.

बायकोनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

तो खांदा. बोटभर खाली आलेला. तिथं दरदिवशी घड बसतो, उतरतो, बसतो, उतरतो. तिथलं एक केळ कमी झालं तरी मला कळतं. तिथं तिचा हात पडला आणि सेंधवा, घाट, जम्मू सगळं गप्प झालं.

पांझरेचा पूल ओलांडला, गावातून निघून लळिंग किल्ल्याच्या बाजूला गाडी घेतली. ती किल्ल्याकडं बघायला मान वळवायची तर बोटांतून कळायचं. ट्रक जवळून गेला की बोटं घट्ट व्हायची, गेला की सैल. एका ट्रकवर ताडपत्रीतून केळीची पानं बाहेर डोकावत होती, ते तिनंच मला दाखवलं, एक बोट उचलून. जम्मूचं सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. गाडी चालवताना रस्ता इतका हळू आणि इतका जवळून जातो हे मला माहीत नव्हतं. बाभळी, उन्हात वाळत घातलेल्या गोधड्या, एक म्हातारा विडी पेटवताना. मी जागेपणी असा कुठं गेलोच नव्हतो.

आणि हात उठला.

मी करकचून ब्रेक मारला. "उतरनीस का?" ओरडलो, आणि पाय टेकवला. पाय कुठं टेकतोय. जमीन माझ्यापासून वीतभर खाली होती. उंटीण हळूच, दमानं, बसायला आल्यासारखी उजवीकडं कलली आणि आम्ही दोघं रस्त्याकडच्या गवतात पडलो. ती माझ्यावर, मी कुसळांवर.

"मी फक्त हात काढा व्हता, ओ!" ती म्हणाली. "पदर सरकना व्हता!"

मी म्हटलं, "मला कळलं ना पण."

ती बघत राहिली. तिच्या केसात कुसळं. मग हसायला लागली. आधी पदरात, मग पदर सोडून. अकरा वर्षांचं हसू असावं, थांबेचना. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "लागलं का काही?" ती हसता हसता नुसता हात हलवत राहिली. मागच्या वेळी मी एकटा गेलो होतो. या वेळी पडलो, पण दोघं पडलो.

गाडी उचलायला तिनंच जोर लावला. परत येऊन मी तोंड पाडून बाईंना ओरखडा दाखवला. बाईंनी वाकून बघितलं.

"आबा, हा तुमचा. त्याच्याखालचा माझा, मनालीच्या अलीकडचा."

"हाईच ल्या," बायको मला म्हणाली. इतकं अवघड बसायचं, उतरायला ओटा शोधायचा, मालकाचे पाय पुरत नाहीत, तरी हाईच. बाईंनी तो लोखंडी सांगाडा आणून दिला. म्हणाल्या, मावशी, हा बसवून घ्या, धरायला बरं पडतं.

बायको म्हणाली, "नको ताई. मला धरायला आहे."

आता उंटीण आमच्या दारात उभी असते. शेजारी एक दगड ठेवलाय, चढायला. दगड जम्मूपर्यंत नेणार का म्हणून पारावर विचारतात. दिवाळी झाली, कापणी थोडी सैल झाली की निघायचं आहे. रस्ता मी तिला सांगत नाही, तिलाच आता पाठ झालाय. कुठल्या ढाब्यावर डाळ चांगली तेसुद्धा.

बागेत मात्र मुकादम माझ्यावर रागावतो. तीस वर्षांची सवय मोडायला जमत नाही, तोल जातो, घड आपटतो, पोरं हसतात. हल्ली मी घड डाव्या खांद्यावर घेतो.