देवी, करंगळी आणि भाकरी

"आत न्हाय यायचं, साहेब. सुनंला देवी आलीय."

दिघाशीतलं घर. दाराला कडुलिंबाचा डहाळा, दारात सासू. मी तेव्हा सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. सून सुगंधा माझी पेशंट. काही महिने नीट गोळ्या घेतल्या आणि एकदम भिवंडीच्या क्लिनिकला यायची थांबली. म्हणून मी सायकल मारत आलो.

देवीचा रोग देशातून केव्हाच गेला होता. दिघाशीला कोणी कळवलं नव्हतं. अंगावर लाल उठलं की देवी, आणि देवी घरात असेपर्यंत औषध बंद. गोळ्यांचं पाकीट वळचणीला खोचलेलं.

सुगंधा ओटीवर आली. तिचे जुने फिकट चट्टे लालभडक होऊन सुजले होते. ही रिअ‍ॅक्शन. औषधाने जंतू मरतात, आणि आपलंच शरीर त्या मेलेल्या जंतूंशी भांडायला उठतं. जंतू नसेत दडलेले, म्हणून भांडण त्यांचं, मार नसेला. वेळेत उपचार नाही झाले तर बोटं कायमची वाकडी.

"हाताला काय होतंय?"

"कोपर ठणकतोय."

"न् भाकऱ्या बिघडवतेय," सासू म्हणाली. "करंगळीकडनं फाटतान. कामात लक्षच न्हाय हिचं."

मी कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या नसेला बोट लावलं. सुगंधा किंचाळली.

"मावशी, देवी काय कोपरात येऊन बसते?" मी चिडलोच.

"देवीला नावं ठेवू नका, साहेब."

मग मी आमची नेहमीची टेस्ट केली. सुगंधाच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरायला दिला आणि ओढला. अलगद निघाला. तोच सासूला धरायला दिला. तिने असा आवळला की फाटला.

सासू सुनेच्या हाताकडे बघत राहिली. "म्हंजे ही मुद्दाम न्हाय करत?"

"करंगळीत जोरच नाही उरलेला."

"अगो बाय! न् मी रोज बोलतंय हिला." तिचे डोळे भरले. "हात जायचा का वो?"

"आज भिवंडीला निघालात तर बहुतेक वाचेल. कडुलिंब राहू दे. औषध तेवढं चालू करा."

तिने डहाळ्याला हात जोडले आणि वळचणीतलं पाकीट काढलं.

क्लिनिकच्या डॉक्टरांनी जुन्या गोळ्या चालू ठेवून वर नसेची सूज उतरवायला स्टेरॉइड दिलं. कित्येक महिने सासू स्वतः गोळ्या द्यायची. आधी देवीपुढे ठेवून, मग सुनेला.

शेवटच्या तपासणीला मी त्यांच्या ओटीवर बसून कागद काढला.

"ठेवा तो," म्हणत सासूने माझ्यापुढे तांदळाची भाकरी ठेवली. सुगंधाने थापलेली. कड कुठेच फाटलेली नाही. "देवीनं हात परत दिला, साहेब."

मी मान डोलावली आणि भाकरी संपवली. या नोकरीत श्रेय कोणाला मिळतंय ते बघायचं नसतं. करंगळी चालतेय का, तेवढं बघायचं.