काल दुपारी घरी कोण होतं?

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारात भरताची वांगी निवडत होते. फोन त्यांच्या सुनेचा होता. "आई गेल्या, मावशी... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी वर्ध्याला त्यांच्या घरी पोचले तर गल्लीच्या तोंडाशी भाजीचा टेम्पो उभा होता आणि त्यातून बायका उतरत होत्या. हिंगणघाटच्या बाजारातली दुकानं आवरून त्या तशाच निघाल्या होत्या, एकीच्या पदराला मेथीची पानं चिकटलेली होती. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "ह्या नात्यातल्या का?" मी हो म्हटलं. हे नातं कसं जुळलं ते सांगायचं म्हणून आज, महिन्याभराने, लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात गृहविज्ञान शिकवत असू. त्या माझ्याहून बऱ्याच ज्येष्ठ. वर्गात अगदी शुद्ध बोलणाऱ्या कुंदाताई चिडल्या किंवा खूश झाल्या की थेट वऱ्हाडीवर येत, त्यामुळे त्यांचा राग आणि आनंद ओळखायला फारसं कौशल्य लागत नसे. कॅरम असो, प्राचार्यांशी वाद असो, रिक्षाचं भाडं असो, त्यांना जिंकायला मनापासून आवडायचं आणि ते त्या लपवत नसत. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसणं त्यांना जमणार नव्हतंच. एका संस्थेने आमच्या भागातल्या काही गावांमध्ये मुलं आणि कुटुंबं कशी आहेत याची पाहणी करायचं काम काढलं, ते त्यांनी घेतलं आणि मलाही ओढलं. मुलांची उंची, वजन, लसी, शाळेच्या पटावर नाव, घरात संडास, नळ, गॅस... असे छापील प्रश्न होते. गुण मोजायचे, गावांची तुलना करायची आणि पहिल्या आलेल्या गावाला समारंभात 'सुखी गाव' असा फलक द्यायचा, अशी योजना होती.

अल्लीपूर ते वडनेर या पट्ट्यात आम्ही सकाळी सकाळी फिरत असू. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय ताईंची पाहणी सुरू होत नसे. भाजीपाल्याचं एक गाव पहिल्या घरापासूनच पुढे राहिलं. पोरं अंगाने चांगली, घरं नीटनेटकी, पटावर सगळ्यांची नावं. सरपंच भाऊरावजी आमच्या मागे मागे फिरत आणि दर घराबाहेर विचारत, "मॅडम, आपलाच नंबर ना?" त्यांचंही बरोबर होतं. वर्षानुवर्षं राबून त्यांनी ते गाव उभं केलं होतं.

एका दुपारी मात्र, सगळं लिहून झाल्यावर, ताई उंबऱ्यापाशी थांबल्या. दारात एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. ताईंनी तिला सहज विचारलं, "बेटा, काल दुपारी घरी कोन होतं?" ती म्हणाली, "मीच तं असतो." परवा? "मीच." आई बाजारात, बाबा वावरात. अंगणवाडी होती, पण ती लवकर सुटायची आणि अगदी लहानग्यांची तिथे सोय नव्हती. पोरीचं नाव शाळेच्या पटावर होतं, दप्तर खुंटीला होतं, आणि ती घरी होती. आमच्या कागदावर त्या घराला पैकीच्या पैकी गुण पडले होते.

ताईंनी मला परत पहिल्या घरापासून फिरवलं. आता एकच प्रश्न, काल दुपारी घरी कोण होतं? घरामागून घर तेच उत्तर येत गेलं. कुठे थोरली बहीण, कुठे आत्याची पोर, आणि जिथे बहीण नव्हती तिथे लहानग्याला बाहेरून कडी. संस्थेच्या साहेबांना त्यांनी फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्याला रकानाच नाही. आणि फलक रंगवून झालाय." फोन ठेवून ताई मला म्हणाल्या, "फलक रंगवून झाला म्हने! लेकरं काय फलकावर झोपवाची?"

मला वाटलं, आता या भर समारंभात उठून बोलणार. मी तसं विचारलंही. "छट्! गावाची इज्जत घ्याले नाई आलो आपण," त्या म्हणाल्या. समारंभाच्या आदल्या दिवशी बाजार होता. भर दुपारी त्या सरपंचांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "सरपंचसाहेब, मंडप मग पाहा. आधी माझ्यासंगं गावातून एक चक्कर मारा." भाऊरावजी हसत हसत निघाले. मी मागून चालत होते. पहिल्या दारात पोरगी, कडेवर लेकरू. "काऊन वं, शाळा नाई काय आज?" त्यांनी विचारलं. पोरगीने लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. पुढच्या दारात तसंच. तिसऱ्या गल्लीपर्यंत भाऊरावजींचं हसू मावळलं होतं. वळणावर त्यांच्या थोरल्या मुलाचं वेगळं बिऱ्हाड होतं. तिथे ओट्यावर त्यांची नात पल्लवी बसली होती, मांडीवर धाकटी बहीण आरोही. "पल्लवी... तू?" ते म्हणाले. ती म्हणाली, "आबाजी, मी तं दर बाजाराले घरीच राह्यतो. तुमाले मालूम नोहोतं?" म्हातारा तिथेच ओट्यावर बसला. ताईही शेजारी बसल्या. आरोहीला त्यांनी उचलून घेतलं, कारण पल्लवीचे पाय अवघडले होते.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. हार झाले, भाषणं झाली. साहेबांनी फलक पुढे केला आणि भाऊरावजींनी तो घेतला नाही. हात जोडून ते माईकसमोर उभे राहिले. "साहेब, नाराज नका होऊ. हा फलक आमी आज घेत नाई. आमच्या पोरी घरी बसून लेकरं सांभाळून राह्यल्या, आन् आमी सुखी गाव म्हनून मिरवाचं? फलक तुमच्यापाशीच ठेवा. आमी मागाले येऊ." मग बायकांच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली, आणि ती थांबेचना. मी ताईंकडे पाहिलं. कॅरममध्ये राणी घेतल्यावर दिसायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतरचं सगळं सोपं होतं असं नाही, पण ते झालं. ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहात खताची पोती रचलेली असत, ती हलवली, भिंतींना चुना दिला, पाळणे टांगले. सांभाळायचं कोणी यावरून बायकांची दोन-तीन जोरदार भांडणं झाली. ताईंनी ती मिटवली नाहीत, नुसत्या मध्ये बसून राहिल्या, आणि बायकांनी आपल्याआपण पाळ्या लावून घेतल्या. पाळणाघर सुरू झालं त्या आठवड्यात शाळेतले मास्तर धावत सांगायला आले की बाकं कमी पडताहेत. ताईंनी अख्ख्या गावाला तर्री-पोहे खाऊ घातले. पुढच्या पाहणीच्या वेळी संस्थेच्या छापील कागदावर, सगळ्यात वर, तो प्रश्न आला होता. साहेब स्वतः कागद घेऊन ताईंच्या घरी आले आणि मोकळेपणाने म्हणाले, "मॅडम, रकाना झाला." मग आजूबाजूच्या गावांतही एकेक पाळणाघर उघडलं. आणि फलक? तो मागायला गाव वाजतगाजत गेलं. तो स्वीकारला पोरींनी, आणि वरच्या रांगेत उभं राहून पल्लवीने तो असा तोंडासमोर धरला की फोटोत तिचा चेहराच आला नाही. ती आता वर्ध्याला समाजकार्याचं शिक्षण घेते आणि सुटीत आमच्यासोबत पाहणीला येते.

ताईंची शोकसभा त्याच पाळणाघरात ठेवली होती. बाजार असूनही बायका आल्या होत्या. भाऊरावजी आता थकलेत, ते उठले, "ताई..." एवढं म्हणाले आणि खाली बसले. दाराच्या चौकटीवर तिथे येणाऱ्या लेकरांच्या उंचीच्या रेघा आहेत, रंगीत खडूच्या, नावांसकट. त्यांच्यात वर एक रेघ ताईंची. दर खेपेला त्या पोरांमध्ये रांगेत उभ्या राहून आपलीही उंची मोजून घेत आणि म्हणत, "पाहा, मी बी वाढून राह्यली!" होत्या एवढ्याशा, पण रेघेशी टाच उचलून उभ्या राहत. भाऊरावजी बसल्यावर आरोही उठली. बहिणीच्या मांडीवरची ती तान्ही आता मोठी शाळकरी मुलगी झाली आहे. ती चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, पाह्य ना." पल्लवीने तिच्या डोक्यावर हात आडवा धरला, वाकून पाहिलं, आणि तिचा आवाज फुटला, "आबाजी... गेली! आरोही ताईच्या वर गेली!"

आणि त्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. कितीतरी वेळ.