भाऊसाहेबांची गाडी आणि माझी पाटी

सन २००३. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि नांदुरीच्या घाटात, सप्तशृंगी गडाच्या अर्ध्या वाटेवर, एका परदेशी गाडीला पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. गाडी लाल, दोन माणसांची, माझ्या कमरेइतकी उंच. मागच्या झाकणातून वाफ निघत होती. पूजेचा नारळ, हार आणि केळी टपावर ठेवली होती, त्यातली केळी माकडांनी नेली.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं दारातून मान काढली.

"काय बाबा, म्हैस बसली का?"

त्याच एसटीच्या खिडकीत भाऊसाहेबांची आई होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भाऊसाहेब म्हणजे पिंपळगावचे द्राक्षबागायतदार. एका वर्षी माल परदेशात चांगला गेला, आणि त्यांनी मुंबईच्या एका बिल्डरकडून ही गाडी सेकंडहँड घेतली. आईची अट एकच. आधी गडावर नेऊन देवीला दाखवायची, मग कुठं उधळायचं ते उधळा. आमच्याकडं ट्रॅक्टर घेतला तरी हीच रीत. ही तिसरी खेप होती. दर वेळी आई एसटीनं वर पोचली आणि आम्ही दोर बांधून खाली.

"नाना, आता बास," भाऊसाहेब म्हणाले. "मुंबईचा शोरूमवाला म्हणतोय, ट्रकवर घालून पाठवा."

"का? मी मेलो का?"

"तसं नाय हो. पण ट्रॅक्टर येगळा, ही येगळी."

हे मला झोंबलं. माझं गॅरेज सातपूरला. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण ज्याला मी हात लावला नाही असं इंजिन नाशकात नाही, असं मी सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे. दारावर पाटी होती: 'सर्व प्रकारच्या गाड्यांची खात्रीशीर दुरुस्ती'. मी तिथंच बोलून गेलो, "पुढच्या मंगळवारी ही गड चढली नाही, तर पाटी उतरवून तुमच्या हातात देईन. परत पान्याला हात लावणार नाही."

माकडं सोडली तर साक्षीदार कोणी नव्हतं. पण शब्द गेला तो गेला.

आता दुखणं सांगतो. चार महिन्यांपूर्वी गाडी पहिल्यांदा माझ्याकडं आली, तेव्हा तक्रार एवढीच होती की ट्रॅफिकमध्ये जरा तापते. बघितलं तर रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज गेलेला. बदलला. काम तिथंच संपलं होतं. पण एवढी मोठी गाडी दारात आलेली, आजूबाजूचे वर्कशॉपवाले जमलेले, आणि मी नुसता फ्यूज बदलून पाठवू? मिस्त्रीची काही लाज आहे की नाही?

म्हणून मी थर्मोस्टॅट काढला. हा एक छोटासा पितळी वॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो पाणी अडवून धरतो, तापलं की रेडिएटरकडं सोडतो. थंड मुलखात ठीक आहे, आपल्या उन्हात पाणी अडवायचं कशाला? टेम्पोतून, ट्रॅक्टरातून मी तो काढतच आलो. सगळेच काढायचे. काढलेली वस्तू मात्र मी फेकत नाही. या वॉल्व्हला कडेला एक बारीक भोक होतं. गॅरेजातल्या देवीच्या तसबिरीपुढं उदबत्ती खोचायला अगदी बेताचं.

आणि त्या दिवसापासून गाडी खरी उकळायला लागली.

मी रेडिएटर शेजारच्या इस्माईलभाईकडं साफ करायला दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं तो उजेडात धरला.

"नाना, इसके आरपार मालेगाव दिखता है. अब क्या साफ करूं?"

मग पाण्याचा पंप बदलायला काढला. तो इथं कुठं मिळणार? बाहेरून आला. भाऊसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "माझी द्राक्षं बोटीनं जात्यात आणि हिचा पंप इमानानं येतो!" पंपाची वाट बघत गाडी उभी, तर बॅटरी बसली. एका टायरच्या किमतीत ट्रॅक्टरची मागची जोडी आली असती. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं, म्हणून मागून टेम्पोत दोन फळ्या यायच्या. त्या चाकाखाली घालून गाडी पलीकडं उतरवायची. सेकंडहँड गाडी स्वस्त मिळते हे खरं. पण तिला सांभाळायचा खर्च सेकंडहँड नसतो.

मी इंजिनाचं हेड उघडलं, त्याखालचं गॅस्केट बदललं. उपयोग शून्य. एक गोष्ट मात्र मला बरी वाटायची. गाडी कितीही उकळली तरी रेडिएटर हाताला गार लागायचा. म्हटलं, चला, एवढं तरी चांगलं लक्षण आहे!

तर त्या तिसऱ्या खेपेला दोरानं ओढत गाडी पिंपळगावला भाऊसाहेबांच्या मळ्यात आणली. बाजेवर बसून चहा घेत होतो. भाऊसाहेब विहिरीकडं गेले आणि तिथून ओरडले.

"अरे, बायपासचा कॉक कुणी उघडा ठेवला? शेवटच्या ओळी वाळल्या की!"

"मोटर चालू हाय ना भाऊसाहेब," बागेतला गडी म्हणाला.

"मोटर चालून काय करू? पाण्याला विहिरीत परत जायची जवळची वाट घावली, तर ते तिकडं लांब कशाला मरायला जाईल?" मग मला म्हणाले, "बघा नाना. लांबच्या वेलाला पाणी पाजायचं, तर जवळची वाट बुजवावी लागती. इतकं साधं कळत नाय ह्यांना."

माझी बशी तोंडापाशीच थांबली.

या गाडीचं इंजिन मागं आणि रेडिएटर पुढं, पार नाकात. पाण्यानं तिथवर जायचं, गार होऊन परत यायचं. इंजिनापाशी एक आखूड वाटही होती. तो वॉल्व्ह लांबची वाट उघडायचा, आणि त्याच वेळी आखूड वाट बुजवायचा. हे दुसरं काम मला ठाऊकच नव्हतं. मी वॉल्व्ह काढला आणि पाणी इंजिनातच गोल फिरत बसलं. रेडिएटर गार राहील नाही तर काय!

"काय झालं नाना? चहात माशी पडली?"

"नाही. मला सातपूरला सोडा."

गॅरेज उघडून देवीपुढं उभा राहिलो. वॉल्व्हवर राखेचा थर होता. चार महिने मी रोज सकाळी हात जोडून म्हणत होतो, आई, या गाडीचं दुखणं दाखव. आणि उदबत्ती त्याच दुखण्यात खोचत होतो. देवीनं आणखी किती दाखवायचं?

वॉल्व्ह धुतला. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. उघडला. बाहेर काढला, मिटला. जिथला होता तिथं बसवला.

मंगळवारी भाऊसाहेब गाडी चालवत होते, मी शेजारी बसून तापमानाच्या काट्याकडं बघत होतो. ज्या वळणावर माकडांनी केळी नेली होती, ते गेलं. काटा मध्यावर. पुढचं वळण गेलं. काटा मध्यावर. देवीचं नाव घ्यायचीही मला लाज वाटत होती. वर पोचलो तर एसटी अजून यायची होती. आई उतरली, आम्हाला बघून थबकली.

"आज तुम्ही आधी? दोर कुठाय?"

पूजा झाली, नारळ फुटला. भाऊसाहेबांनी विचारलं, "नाना, नेमकं झालं काय होतं?"

"तुमच्या बागेतलंच दुखणं. जवळची वाट उघडी राहिली होती."

"कुणी ठेवली?"

"असतो एखादा गडी," मी म्हणालो.

त्यांनी तिथूनच मुंबईच्या त्या बिल्डरला मोबाईल लावला. "अहो, कशाला शोरूम? आमचे नाना हायेत! तुमच्या चारी गाड्या धाडून द्या सातपूरला!"

एवढ्या वर्षांत मला एकच अक्कल आली, ती सांगतो. बनवणाऱ्यानं गाडीत एखादी वस्तू घातली असेल, तर ती काढण्याआधी ती काय काय अडवते ते बघावं. ती आपला मूर्खपणाही अडवत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजला शिडी लावली, आणि पाटीवरच्या 'सर्व प्रकारच्या' या दोन शब्दांवर रंग फासला. मग खाली उतरून देवीपुढं उदबत्ती लावली. बटाट्यात खोचून.