बुबुळाआडचा पडदा

सुनंदा मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शांती नगरच्या बाजारात होते. “दीदी, थैली तो लो,” म्हणत भाजीवाला मागे धावला, इतकंच आठवतं... त्याला आता पाच आठवडे झाले. मॅडम डोळ्यांच्या पडद्याच्या सर्जन, मी त्यांची ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. मीरा रोडच्या एका छोट्या हॉस्पिटलात आम्ही सोळा वर्षं एकत्र काढली.

मॅडम कशा होत्या हे सांगायचं, तर पास्कलदादांचं सांगायला हवं. समुद्रकाठच्या चौक गावचे हे मच्छीमार. एक डोळा लहानपणीच गेलेला. बोटीच्या इंजिनाची बॅटरी फुटली, ॲसिड उडालं आणि दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ दुधासारखं पांढरं झालं. सोनोग्राफीत कळलं, आतला पडदाही सुटलाय. गढूळ बुबुळातून आतलं काही दिसेना. बुबुळ बदलेपर्यंत थांबावं, तर पडदा कायमचा जाणार. दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवलं होतं.

मॅडम सरळ बोलल्या. “दादा, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुईएवढा कॅमेरा आत घालते. स्क्रीनवर बघून पडदा बसवायचा प्रयत्न करते. आत काही उरलंच नसेल, तर तेही सांगेन.”

“माना बोटीव जायाचा हाय,” दादा म्हणाले. “बघा तुमी. मी घाबरत न्हाय.”

स्क्रीनवर खोली कळत नाही. हत्यार पडद्यापासून किती लांब आहे, ते सरावानेच उमगतं. मॅडमनी त्यासाठी बकऱ्याच्या डोळ्यांवर वर्षभर हात बसवला होता. कॅमेरा आत गेला, तेव्हा आधी नुसतं लाल गढूळ... मग रक्त साफ होत गेलं आणि पडदा दिसला. दुमडलेला, पण जिवंत. “आहे गं, आहे!” मॅडम पुटपुटल्या. पुढचे दोन तास त्या पडदा उलगडून जागेवर बसवत राहिल्या.

काही महिन्यांनी दानात मिळालेलं बुबुळ बसवलं आणि हळूहळू नजर आली. एका तपासणीला दादा मॅडमकडे बघतच राहिले. म्हणाले, “माना वाटला, तुमी उंच असाल!” मॅडम इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दादा आजही बोटीवर जातात.

मॅडमनीच शिकवलेले डॉक्टर आता ही ऑपरेशनं करतात. काम थांबलेलं नाही. मॅडमची एक सवय मात्र मी माझ्याकडे घेतली. ऑपरेशनआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, “दिसायला लागल्यावर आधी काय बघणार?” फॉर्मवर त्याला रकाना नाही, म्हणून उत्तर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायच्या. काल काशीमीऱ्याच्या एका गॅरेजवाल्या चाचांना मी तेच विचारलं. ते लाजले. “बीवी को... बहुत दिन हो गए.” मी तसंच लिहिलं आणि त्यांना आत घेऊन गेले.