तांडेलला चालत नेलं

एवन म्हातारा मेला आणि आम्ही त्याला आठवडाभर पुरलं नाही.

डहाणूत हे सांगितलं तर लोक मारायला उठतील. पण आज पुरून आलोय. बरोबर केलं. म्हणून लिहितोय.

तुम्हाला माहीतच आहे, मी स्कॉटलंडच्या एका बेटावर बोटीवर कामाला आहे. सातवीत शाळा सुटली. मग उंबरगाव, मग ओखा, मग दुबई. कुठेच टिकलो नाही.

इथे टिकलो तो या म्हाताऱ्यामुळे. बोट त्याची. खेकडे आणि शेवंड धरायचे पिंजरे आम्ही दोघं टाकायचो.

पहिल्या दिवसापासून मी त्याला तांडेल म्हणायचो.

"म्हणजे काय?"

"बोटीवर ज्याचं चालतं तो."

"मग ठीक आहे," म्हणाला. विषय संपला.

इथली खाडी बघायला पाहिजे तुम्ही. तीन बाजूंनी काळे खडक, मध्ये पांढरी वाळू, झाड औषधाला नाही. वारा असा की बोलताना तोंड फिरवावं लागतं. मोठ्या ओहोटीला अख्खी खाडी कोरडी पडते आणि समोरच्या छोट्या बेटावर चालत जाता येतं. तिथे कुणी राहत नाही. मेंढ्या आणि गावाचं कबरस्तान. तांडेलची बायको तिथेच आहे.

सुरुवातीला मी इथे जाम माती खाल्ली.

आपल्याकडे पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, हे शेंबड्या पोरालाही पाठ. मीही ऐटीत सांगितलं, "आज फुल मून. बाराला पाणी फुल. बोट इथेच राहू दे."

बारा वाजले. बोट वाळूवर आडवी. बाजूला मेंढ्या.

तांडेल हसून हसून खाली बसला. "तुझा चंद्र घरी विसरून आलास काय?"

चंद्र तोच आहे भावांनो. अमावस्या-पुनवेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार आणि तेवढंच उतरणार; अष्टमीला भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलणार. हे इथेही तसंच. फक्त घड्याळ उलटं. आपल्याकडे ज्या वेळेला भरती, यांच्याकडे त्या वेळेला ओहोटी.

तर म्हातारा गेला तो नेमका अष्टमीला. दुपारी पिंजरे शिवत होता, छातीत कळ आली, संपलं.

भांगात खाडीच्या मधल्या ओढ्यात छातीभर पाणी राहतं. चालत पलीकडे जायचं तर पुनवेच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागतं.

त्याची मुलगी कर्स्टी शहरातून आली. नर्स आहे, सुट्टी थोडी. म्हणाली, "बोटीने नेऊ. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हटलं, "नाही."

"का?"

"तो मला कितीदा बोललाय. आयुष्यभर बोटीत बसलो, शेवटी परत बोटीत घालू नका. बायकोला चालत नेलं, मलाही चालत न्या."

"भावेश, माझी सुट्टी संपतेय."

"मग न्या. बोट मी चालवणार नाही."

गावात दुसऱ्या बोटी होत्या. ती कुणालाही सांगू शकली असती. मला वाटलं, गेली नोकरी.

घरून, डहाणूच्या मसोलीहून, आईचा व्हिडिओ कॉल.

"अजून नेलं नाही? अरे पोरा, आपल्यात सांज होऊ देत नाहीत!"

"आई, त्याचा शब्द होता."

"काय शब्द?"

सांगितलं.

"मग थांबा. आणि त्या पोरीला काहीतरी जेवायला घाल. बाप गेलाय तिचा, भांडतोस काय तिच्याशी?"

भात आणि मच्छीचं कालवण घेऊन गेलो. कर्स्टीने नाक पुसत पुसत ताट साफ केलं. मग विचारलं, "बाबा खरंच तसं म्हणाले होते? मला कधी बोलले नाहीत."

"तू फोनवर असायचीस. मी बोटीवर होतो."

तिने तिथेच बसून सुट्टी वाढवायला फोन लावला.

आणि थांबलो. मी. ज्याला डहाणू रोडला रिक्षा भरेपर्यंत दम निघत नाही.

काल पुनव झाली. आज दुपारी खाडी कोरडी, अख्खं गाव वाळूवर.

इथे खांदेकऱ्यांच्या दोन रांगा असतात. थोडं चाललं की पुढची जोडी बाजूला होते, मागची आत येते. कुणी ओरडत नाही. मान हलली की बदल.

मी बूट काढले. आपल्यात अनवाणी जातात.

"वेडा आहेस काय? पाय गोठतील," शेजारचा म्हातारा म्हणाला.

गोठले. चाललो. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं.

पलीकडे खड्ड्याजवळ मी मागे उभा राहिलो. इथे पेटी दोऱ्यांनी खाली सोडतात. कुठली दोरी कुणाच्या हातात, ते आधी ठरलेलं असतं. मुलं, भाऊ, भाचे. रक्ताचीच माणसं.

कर्स्टीने नावं घेतली. शेवटचं नाव माझं होतं. पायाकडची दोरी.

कुणीही मान वळवून बघितलं नाही. जणू ते नाव असायलाच हवं होतं.

हाताला सवय दोरी जोर लावून ओढायची. आज हळूहळू सोडायची होती. सोडली. एकदाही हिसका बसू दिला नाही.

शांत झोप तांडेल. डहाणूच्या पोराचा तुला मनापासून शेवटचा नमस्कार.