खाणीतली तीन पावलं

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याइतकाच हुंकार देणाराही लागतो. दर वाक्याला कुणीतरी ‘हां’ म्हटलं पाहिजे. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. लहानपणी घरात गोष्ट माय सांगायची आणि हुंकार माझा मोठा भाऊ द्यायचा, कारण मी अर्ध्यातच झोपून जायचो. पुढे एकदा त्याला गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली. ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळातली होती. मी ती कशी सांगितली, हे आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. इथेही नीट जमेल का, खात्री नाही.

नव्वदनंतरची एक-दोन वर्षं असतील. मी धुळ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मी अकरावीला गेलो त्याच वर्षी भाऊ नरडाण्याजवळ सरकीच्या तेलाच्या एका छोट्या कारखान्यात लागला होता. या दोन गोष्टींचा संबंध घरात कुणी कधी बोलून दाखवला नाही.

तेल साफ करायला तिथे कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी वापरत. एका सकाळी पाइपाचा जोड सुटला आणि ते त्याच्या तोंडावर उडालं. दोन्ही डोळ्यांत गेलं. त्याला धुळ्यातल्या डोळ्यांच्या वॉर्डात ठेवलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, रोज मलम, आणि ‘बघू’ एवढंच उत्तर. दिवसभर माय त्याच्याजवळ असे. चार ते सहा मी बसायचो, तेवढ्यात ती माझ्या खोलीवर जाऊन आंघोळ करून भाकरी टाकून यायची.

पहिले दोन दिवस आम्ही काहीच बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मला ते सहन होईना, म्हणून मी लॅबबद्दल बोलायला लागलो. चपला बाहेर काढून जायची ती थंड खोली, चार मशीन, त्यातली चालू दोन. प्रॅक्टिकल मंगळवारी आणि शुक्रवारी. ते आटोपलं की लॅबचे सर आम्हाला शेवटची वीस मिनिटं एक खेळ खेळू देत. तो फ्लॉपीवर होता.

“चित्रं चांगली व्हतीस का?” भाऊनं विचारलं.

“चित्र नाहीच, भाऊ. नुसती इंग्रजी वाक्यं येतात, हिरव्या अक्षरात. तू एका बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी उभा आहेस. हातात कंदील आहे. मग खाली एक चौकोन लुकलुकत राहतो. आपण लिहायचं, आत जा, दोर घे. मग ते पुढचं सांगतं.”

“चित्र नई?” तो पहिल्यांदाच जरासा हसला. “मंग ते मनासारखा पट्टीवालाले चांगलं शे. सांग.”

शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे एक म्हातारे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सगळे त्यांना नाना म्हणत. ते मध्येच म्हणाले, “पोऱ्या, दिवसा गोट सांगू नको. वाटसरू वाट चुकस.”

“नाना, आठे कोनले दिवस दिसस?” भाऊ म्हणाला.

त्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि बहुतेकांच्या डोळ्यांवर पट्ट्या. दोन-चार खाटांवरून हसू आलं. नानाही ऐकू लागले.

मी सांगत गेलो, भाऊ हुंकार देत गेला. थोड्या वेळानं तो मलाच चाली सांगायला लागला. “खाणमा विहीर लागनी ना? मंग दगड टाकी देख. पानी कितलं खोल शे ते समजी.”

शुक्रवारी मी तसं लिहून पाहिलं. डिक्शनरी घेऊन गेलो होतो. मशीन म्हणालं, मला हे समजत नाही. दुसऱ्या शब्दांत लिहिलं. मला हे समजत नाही.

“इतलं बी येस नई त्याले?” भाऊ म्हणाला. “आन तू म्हनस कॉम्प्युटर बठ्ठं करस.”

“तुना तो मानूस खाणमा गयाच कसाले?” नानांनी विचारलं. “घर भाकर नव्हती का?”



त्या खेळाभोवती आमच्या लॅबमध्ये एक पुराणच तयार झालं होतं. तपकिरी पुठ्ठ्याची एक जुनी प्रॅक्टिकल वही होती. प्रत्येक वर्षाच्या मुलांनी तिच्यात खाणीचा नकाशा थोडाथोडा वाढवला होता. कुठे दोर आहे, कुठला दरवाजा फसवा, कंदिलाचं तेल किती चालींना पुरतं. खाली अगदी तळाशी एक गाव आहे, तिथे कंदील लागत नाही, असं सीनियर मुलं सांगायची. आमच्याकडे तिथवर कुणी पोचलं नव्हतं. पण जळगावच्या एका कॉलेजात एकानं ते गाव पाहिलंय, हे सगळ्यांना माहीत होतं. मी हे भाऊला सांगितलं, आणि मग तो रोज त्या गावाबद्दल विचारू लागला.

मंगळवारपर्यंत आम्ही वहीतल्या नकाशाच्या बाहेर गेलो होतो. पुढचं पान कोरं होतं आणि कंदिलाचं तेल संपत आलं होतं. भाऊनं बराच विचार केला.

“कंदील इझाडी टाक,” तो म्हणाला. “तेल पुढे लागी. तठलोंग भित धरी चाल.”

“अंधारात?”

“मी नई का जात मोरीलोंग?”

खरंच, त्या आठवड्यात तो मायचा हात न धरता मोरीपर्यंत जायला शिकला होता. डावा हात भिंतीवर ठेवून, पावलं मोजत. एकवीस पावलं, मग दार. वॉर्डातल्या नर्सबाईंनी त्याचं कौतुक केलं होतं.

शुक्रवारी मी मशीनसमोर बसलो. कंदील विझव, असं लिहिलं. समजलं त्याला. खेळ जिथवर आला तिथवर फ्लॉपीवर साठवून ठेवायची सोय होती. मला एकाच नावानं साठवता यायचं, म्हणजे नवं साठवलं की जुनं पुसलं जायचं. मी साठवलं. मग लिहिलं, भिंत धरून पुढे जा. एक पाऊल. पुन्हा एक पाऊल. तिसऱ्याला ते म्हणालं, तू खड्ड्यात पडलास. तू मेला आहेस.

मी साठवलेलं पुन्हा उघडलं. अंधारच होता. मागे गेलो, मेलो. उजवीकडे, मेलो. कंदील पेटव म्हटलं, तर काडेपेटी आम्ही वर, खाणीच्या तोंडाशीच ठेवून आलो होतो. खेळात मोजक्याच वस्तू जवळ ठेवता येत, म्हणून ती टाकून दे, असं भाऊच म्हणाला होता. सर घड्याळ दाखवून उभे राहिले आणि मी मशीन बंद केलं.

तिथून थेट वॉर्डात गेलो, तर डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. ते चांगले होते, घाईत असूनही थांबून बोलले. डाव्या डोळ्याचं काही उरलेलं नाही. उजव्याला फार तर उजेड आणि अंधार यातला फरक कळेल. “तू शिकलेला दिसतोस,” ते म्हणाले. “घरच्यांना तू सांभाळून सांग.”

मी हो म्हणालो. आत गेलो. माय उठून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी म्हणालो, “पट्टी सुटल्यावर सांगतील.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भाकरी टाकायला निघून गेली.

भाऊनं विचारलं, “मंग? चालना का भित धरी?”

मी म्हणालो, “चालला, भाऊ. व्यवस्थित गेला.”

“हां,” तो म्हणाला.

निदान गोष्ट तरी खरी व्हावी असं मला वाटत होतं. म्हणून रविवारी एसटी पकडून मी जळगावला गेलो. त्या कॉलेजच्या होस्टेलवर दोन-तीन खोल्या फिरल्यावर तो खेळ खेळणारी मुलं सापडली. त्यांनी मला चहा पाजला. तळाचं गाव पाहणारा कोण, म्हणून विचारलं, तर ती एकमेकांकडे बघायला लागली.

“अरे, तो तर तुमच्या धुळ्याचाच ना?” एक जण म्हणाला. “आम्ही तसंच ऐकलंय.”

त्यांच्याकडेही एक वही होती. तिच्यातलं शेवटचं पानही कोरंच होतं. परत येताना खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी मनात ठरवत होतो की आज सांगायचं. डॉक्टरांचंही सांगायचं. वॉर्डात पोचलो तेव्हा माय कुणाकडून तरी ऐकून आली होती की मुंबईत एक डॉक्टर आहे, तो असे डोळे पुन्हा आणतो. कुणाचे आणले, ते तिला माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, “तुले इंग्रजी येस. तू चिठ्ठी लिही.” मी लिहितो म्हणालो.

आणि भाऊला गोष्ट सांगितली.

त्यानंतरचे दिवस मी स्वतःच खाण खणत गेलो. बोगद्यातून पाण्याचा आवाज येत होता. एक झरा लागला. झऱ्याकाठी जुन्या कामगारांचे डबे होते आणि एका डब्यात काडेपेटी होती. भाऊ चाल सांगायचा आणि मी म्हणायचो, बरोबर, तसंच झालं. त्यानं दगड मारायला सांगितला, दगड मारला. त्यानं हाक मारायला सांगितली, तर पलीकडून ओ आली. नानांची पट्टी सुटली आणि ते घरी निघाले, तेव्हा म्हणाले, “पोऱ्या, त्या मानूसले लवकर बाहेर काढ. मी चालनू.” त्यांना सगळं दिसत होतं. जाताना ते भाऊच्या खाटेपाशी जरा वेळ उभे राहिले.

शेवटी मी भाऊला गावाच्या वेशीपर्यंत आणलं. पुढे उजेड दिसतोय, म्हणालो. हुंकार आला नाही. मला वाटलं, झोप लागली.

“भाऊ?”

“जागाच शे,” तो म्हणाला. “हाई गोट मशीननी नई शे. तुनी शे.”

“कशावरून?” मी विचारलं.

“आधी मी काही बी सांगू, तर ते म्हने, समजत नई. आठ दिन व्हयनात, त्याले मनं बठ्ठंच समजस.” तो अजिबात रागावलेला नव्हता, तेच मला जड गेलं. “माय बी अशीच बोलस आते. बाई बी. कोनीच मनावर खेकसत नई. पट्टी बदलतस तव्हय माले समजत नई का, उजेड येस का नई ते? डॉक्टरनी काय सांगं?”

कॉलेजात गेल्यापासून मी भाऊशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलू लागलो होतो, आणि तो त्यावरून मला साहेब म्हणून चिडवायचा. त्या दिवशी मला ती मराठी येईना.

“डावा गया, भाऊ,” मी म्हणालो. “उजवाले नुसता उजेड समजी. बाकी काही नई.”

पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला. मग भाऊनं विचारलं, “आन तो?”

मला आधी कळलंच नाही की तो खाणीतल्या माणसाबद्दल विचारतोय.

“तो मरी गया. भित धरी चालना आन खड्डामा पडना.”

“कितला पाऊल?”

“तीन.”

“तीनच?” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “तू तठेच समोर बठेल व्हता ना?”

“हां.”

“मंग हाक का नई मारी?”

त्या खेळात हाक मारता येत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण तो खेळाबद्दल विचारत नव्हता, हे मला कळत होतं. माय आली तेव्हा तिलाही त्यानंच सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. तिचा रडण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं भाकरीचं फडकं झटकल्याचा आवाज आला.

पुढच्या मंगळवारी मी लॅबमधल्या वहीच्या कोऱ्या पानावर तीन पावलं काढली आणि त्यांच्यापुढे ‘खड्डा’ असं लिहिलं. वहीत तोवर कुणी मेल्याची जागा लिहिली नव्हती, सगळ्यांनी फक्त वाटा लिहिल्या होत्या. नंतर मी तो खेळ पुन्हा खेळलो नाही.

भाऊला घरी न्यायच्या दिवशी माय पिशव्या घेऊन पुढे रिक्षापाशी थांबली. मी त्याचा दंड धरला होता. त्यानं तो सोडवून घेतला आणि हात भिंतीवर ठेवला.

“पुढे काय शे?”

“दार. मंग सात पायऱ्या.”

“हां.”

मी एकेक पायरी मोजत गेलो आणि तो एकेक उतरत गेला. सातव्या पायरीवरून तो खाली जमिनीवर आला.

“सरन्यात?”

“सरन्यात, भाऊ.”

तरी त्यानं एक पाय पुढे केला आणि खाली आणखी पायरी आहे का, ते सावकाश चाचपून पाहिलं.